हिरवळीचा खटला

माँट्रियलच्या पश्चिमेला, ओटावा नदी पसरत पसरत सरोवराएवढी होते त्या काठावर हडसन नावाचं एक छोटं गाव आहे. वस्ती पाच हजारांच्या आसपास. क्वेबेक हा फ्रेंच बोलणारा प्रांत, पण हडसनमध्ये वावर इंग्रजीचाच जास्त. जुनी झाडं, ऐसपैस घरं, घरापुढं कुंपणाविना पसरलेली हिरवळ, शिवाय गोल्फची मैदानं. अशा खाऊनपिऊन सुखी गावात नगरपालिकेच्या सभेला येतं कोण? ज्याच्या दारापुढचा रस्ता खचलाय तो, नाहीतर ज्याचं शेजाऱ्याशी पटत नाही तो.

१९८५ पासून मात्र एक बाई दर सभेला येऊ लागल्या. डॉ. जून आयर्विन, त्वचारोगतज्ज्ञ. प्रश्नोत्तरांची वेळ आली की त्या उठायच्या आणि लिहून आणलेलं पत्र वाचून दाखवायच्या. विषय एकच. गावातल्या हिरवळींवर जी तणनाशकं आणि कीटकनाशकं फवारली जातात, ती थांबवा. त्यांच्याकडं पुरळ, खाज, न हटणारे चट्टे घेऊन माणसं येत होती. त्यातल्या कित्येकांच्या घरी किंवा शेजारी नुकतीच फवारणी झालेली असे. बाईंनी काहींच्या रक्ताच्या तपासण्याही करून घेतल्या. नगरसेवक ऐकून घेत, मान हलवत आणि पुढच्या विषयाकडं वळत. पुढच्या महिन्यात बाई पुन्हा हजर. हे असं सहा वर्षं चाललं.

बाईंच्या पत्रांत वारंवार येणारं एक नाव आपल्याकडच्या ऊस उत्पादकाला चांगलं ठाऊक आहे. टू-फोर-डी. उसातली रुंद पानांची तणं मारायला ते वापरतात. द्राक्षवाला मात्र त्याच्या नावानंच दचकतो, कारण शेजारच्या फडातून वाऱ्याबरोबर त्याचा अंश आला, तरी वेलीची कोवळी पानं आकसून पंख्यासारखी होतात. हे औषध हिरवळीवर कसं येऊन पोचलं, ती कथा युद्धापासून सुरू होते.

रॉबर्ट पोकोर्नी नावाच्या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञानं हे संयुग तयार करण्याची रीत १९४१ मध्ये प्रसिद्ध केली, तेव्हा तणांचा विषय त्याच्या डोक्यातही नव्हता. वनस्पतींच्या अंगातच वाढीचं नियंत्रण करणारी द्रव्यं असतात आणि तशीच द्रव्यं प्रयोगशाळेत बनवता येतात, हे तोवर कळलं होतं. शिकागो विद्यापीठातले वनस्पतिशास्त्राचे प्रमुख एझ्रा क्राउस यांच्या मनात त्यापुढची गोष्ट आली. थोडं द्रव्य झाड वाढवत असेल, तर अति द्रव्यानं ते मरेल. वेडंवाकडं वाढत, पिळवटत, स्वतःच्याच वाढीनं मरेल. महायुद्ध सुरू होतं. शत्रूची पिकं अशा रीतीनं नष्ट करता येतील, असं क्राउस यांनी सरकारला सुचवलं आणि मेरीलँडमधल्या कँप डेट्रिक या लष्करी तळावर शेकडो संयुगांची चाचणी सुरू झाली. तिकडं ब्रिटनमध्येही त्याच वाटेनं गुप्त संशोधन चालू होतं. पिकांवर ते वापरायची वेळ येण्याआधीच युद्ध संपलं.

पण मधल्या काळात अमेरिकी कृषिखात्याच्या बेल्ट्सव्हिल केंद्रात जॉन मिचेल आणि पॉल मार्थ यांनी एक साधा प्रयोग करून पाहिला होता. हिरवळीच्या एका तुकड्यावर टू-फोर-डी फवारलं. रुंद पानांची तणं, विशेषतः डँडेलियन नावाचं पिवळ्या फुलाचं चिवट रोप, पिळवटून मेली. गवत जसंच्या तसं राहिलं. १९४४ मध्ये हा निष्कर्ष छापून आला आणि १९४५ मध्ये पेन्सिल्व्हेनियातल्या अमेरिकन केमिकल पेंट कंपनीनं ‘वीडोन’ या नावानं माल बाजारात आणला. इतकी वर्षं हिरवळ नितळ ठेवायची म्हणजे गुडघ्यावर बसून खुरप्यानं एकेक मूळ उपटायचं. आता डबा आणायचा, पाण्यात मिसळायचं, फवारायचं. क्राउस यांनी म्हणे हे द्रव्य किती निरुपद्रवी आहे हे दाखवायला स्वतः रोज अर्धा ग्रॅम असं तीन आठवडे पोटात घेतलं होतं. त्या पिढीच्या शास्त्रज्ञांचा आपल्या शोधावरचा विश्वास पाहिला की आज कौतुक वाटावं की भीती, हेच कळत नाही.

एक गंमत इथं सांगितलीच पाहिजे. त्याआधीच्या हिरवळीत पांढऱ्या फुलांचं क्लोव्हर सर्रास असे. बियाण्याच्या पाकिटातच ते मिसळून येई. कडधान्यांच्या कुळातलं असल्यानं ते हवेतला नत्र जमिनीत बांधतं, म्हणजे फुकटचं खत, आणि उन्हाळ्यात गवत करपलं तरी ते हिरवं राहतं. पण त्याचं पान रुंद. टू-फोर-डीला डँडेलियन आणि क्लोव्हर यांतला फरक कळत नाही. फवारणी सुरू झाली आणि क्लोव्हर मरू लागलं. मग काही वर्षांतच औषधाच्या जाहिरातींत क्लोव्हरचं नाव तणांच्या यादीत आलं. औषध जे वाचवू शकत नाही ते तण ठरवलं की औषध निर्दोष राहतं. क्लोव्हर गेलं, नत्र गेला, मग खताचं पोतं आलं. धंद्याच्या दृष्टीनं याहून सुबक रचना शोधून सापडणार नाही.

युद्धानंतर अमेरिकेत आणि कॅनडात शहराबाहेर नवी उपनगरं उठली. एकसारखी घरं, घरापुढं एकसारखी हिरवळ. लेव्हिटटाउनसारख्या वसाहतीत तर घर घेतानाच गवत नियमित कापण्याची अट मान्य करावी लागे. हिरवळ खाजगी, पण तिच्याकडं बघणारी नजर सार्वजनिक. शेजाऱ्याच्या अंगणातलं एक पिवळं फूल म्हणजे महिन्याभरात आपल्या अंगणातली शंभर, असा हिशेब. साठच्या दशकाच्या अखेरीस ओहायोत केमलॉन ही कंपनी निघाली आणि टँकरचा ट्रक, लांब नळी, वर्षाचं कंत्राट असा व्यवसाय गल्लोगल्ली पोचला. घरमालकाला बोट ओलं करायचीही गरज उरली नाही. बागा, शाळांची मैदानं, फुटबॉलची क्रीडांगणं यांच्यासाठी नगरपालिकाही त्याच कंत्राटदारांना बोलावत.

याच सुमारास व्हिएतनामवर अमेरिकी विमानांनी ‘एजंट ऑरेंज’ फवारलं. त्यात निम्मं टू-फोर-डी आणि निम्मं त्याचं भावंड टू-फोर-फाइव्ह-टी होतं. डायऑक्सिनचं कुप्रसिद्ध भेसळविष या दुसऱ्यात होतं, आणि १९८५ पर्यंत अमेरिकेत त्याची उरलीसुरली नोंदणीही रद्द झाली. पहिलं मात्र राहिलं. त्याच्यावर संशय घेणारे अभ्यास नंतर येत गेले. १९८६ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेच्या संशोधकांनी कॅन्ससमधल्या शेतकऱ्यांचा अभ्यास छापला. वर्षात वीसपेक्षा जास्त दिवस तणनाशक वापरणाऱ्यांमध्ये लसिकापेशींच्या एका कर्करोगाचं प्रमाण सहापट आढळलं. १९९१ मध्ये तसाच एक अभ्यास हिरवळीवर लोळणाऱ्या पाळीव कुत्र्यांचा आला. दोन्हींवर वाद झाले. आकडे पुन्हा मांडून पाहिले गेले, काहींना संबंध दिसला, काहींना नाही. डॉ. आयर्विन यांच्यापाशी असलेला पुरावा हा असा होता. संशय दाट होता, पण न्यायालयात उभा करून शिक्का मारून घ्यावा असं काही हाती नव्हतं.

मे १९९१ मध्ये हडसनच्या नगरपालिकेनं उपविधी क्रमांक २७० मंजूर केला. सहा वर्षांची पत्रं कुठंतरी साचत गेली असणार. सभागृहात नवे चेहरे आले होते आणि गावातल्या आणखी लोकांनी तक्रारी नोंदवल्या होत्या. उपविधी वाचला की तो लिहिणाऱ्यांच्या व्यवहारज्ञानाची दाद द्यावीशी वाटते. गावाच्या हद्दीत कीटकनाशकं आणि तणनाशकं वापरायला बंदी, हे पहिलं वाक्य. मग सवलती. पोहण्याच्या तलावाला चालेल. पाणी शुद्ध करायला चालेल. घराच्या आत चालेल. माणसाला धोका असलेले प्राणी मारायला, ज्यांची ॲलर्जी होते अशी झाडं काढायला चालेल. शेतकऱ्यानं नोंदणी करून वापरावं. आणि गोल्फच्या मैदानांना पाच वर्षांची मुदत. या सगळ्या सवलती वजा केल्या की बंदी नेमकी कशावर उरते? केवळ दिसायला छान असावं म्हणून केलेल्या फवारणीवर. पोट भरायला, रोग टाळायला किंवा जीव वाचवायला औषध लागतं तिथं गाव आड येत नव्हतं. पिवळं फूल नको, एवढ्यासाठी विष नको, असं ते म्हणत होतं.

१९९२ च्या नोव्हेंबरमध्ये स्प्रेटेक आणि केमलॉन या दोन कंपन्यांना गावानं समन्स पाठवलं. बंदी मोडून फवारणी केल्याचा आरोप होता. कंपन्यांनी आरोप नाकारले आणि उलट वरच्या न्यायालयात जाऊन उपविधीलाच आव्हान दिलं. त्यांचा युक्तिवाद कच्चा नव्हता. औषधाची नोंदणी करतं केंद्र सरकार, ओटावात. ते कुणी, कसं फवारायचं याचा परवाना देतो प्रांत. आमच्याकडं दोन्ही आहेत. मग रस्ते झाडणाऱ्या आणि कचरा उचलणाऱ्या नगरपालिकेला मध्ये बोलायचा अधिकार कुठून आला? कॅनडाच्या घटनेत नगरपालिकेला स्वतःचं स्थान नाही. प्रांतानं जे अधिकार हातावर ठेवले तेवढेच तिचे. आपल्याकडं त्र्याहत्तराव्या आणि चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीआधी ग्रामपंचायतींची आणि नगरपालिकांची जी अवस्था होती, तिच्याशी याचं बरंच साम्य आहे.

१९९३ मध्ये क्वेबेकच्या न्यायालयानं गावाच्या बाजूनं निकाल दिला. कंपन्या अपिलात गेल्या आणि १९९८ मध्ये तिथंही हरल्या. मग सर्वोच्च न्यायालय. एका बाजूला फवारणीचा धंदा, दुसऱ्या बाजूला पाच हजारांचं गाव. पण तोवर ते गाव एकटं राहिलं नव्हतं. क्वेबेकमधल्या बऱ्याच नगरपालिकांनी हडसनचा कित्ता गिरवून आपापले उपविधी केले होते. कॅनडाच्या नगरपालिकांचा महासंघ आणि पर्यावरण संस्था हस्तक्षेप अर्ज घेऊन आल्या होत्या. ७ डिसेंबर २००० रोजी सुनावणी झाली. २८ जून २००१ रोजी सात न्यायमूर्तींनी एकमतानं गावाच्या बाजूनं निकाल दिला.

निकालपत्रं दोन होती. मुख्य निकालपत्र न्यायमूर्ती क्लेअर लेरो-दुबे यांचं, त्यावर चौघांचं मत. क्वेबेकच्या नगरपालिका कायद्यात एक मोघम कलम होतं, ४१० क्रमांकाचं. गावातली शांतता, सुव्यवस्था, आरोग्य आणि सर्वसाधारण कल्याण यांसाठी उपविधी करण्याचा अधिकार त्यात होता. कायदा करणाऱ्याला सगळे प्रसंग आधी दिसत नसतात, म्हणूनच अशी मोघम कलमं ठेवली जातात, आणि हा उपविधी त्यात बसतो, असं त्यांनी म्हटलं. केंद्रानं आणि प्रांतानं परवानगी दिली म्हणजे वापरायलाच हवं असं नाही. दोन्ही कायदे पाळूनही माणूस गावाचा नियम पाळू शकतो. त्यानं फवारायचं नाही, एवढंच. मग विरोध कुठं आला? आणि ज्यांच्या अंगणाचा प्रश्न आहे त्यांच्या सर्वांत जवळचं सरकार कोणतं, हेही पाहावं लागेल.

या निकालपत्रात बत्तिसाव्या परिच्छेदाच्या सुमारास भारतीय वाचक चमकतो. अपाय सिद्ध होईपर्यंत हात बांधून बसण्याची गरज नाही, गंभीर धोक्याची रास्त शंका असेल तर शास्त्रीय खात्री नसतानाही पाऊल उचलता येतं, या सावधगिरीच्या तत्त्वाला आंतरराष्ट्रीय कायद्यात आधार आहे, असं सांगताना लेरो-दुबे यांनी भारताच्या सर्वोच्च न्यायालयाचे दोन निकाल पुढं केले. एक वेल्लोरचा. तमिळनाडूतल्या चामड्याच्या कारखान्यांनी पालार नदीचं पाणी आणि सुमारे पस्तीस हजार हेक्टर शेतजमीन कमीअधिक नासवल्याच्या खटल्यात न्यायमूर्ती कुलदीप सिंग यांच्या पीठानं ऑगस्ट १९९६ मध्ये हे तत्त्व आपल्या कायद्याचाच भाग आहे असं सांगितलं होतं. दुसरा १९९९ चा, हैदराबादला पिण्याचं पाणी देणाऱ्या उस्मानसागर आणि हिमायतसागर या तलावांजवळ तेलाचा कारखाना काढू द्यायचा का, यावरचा. पालारच्या काठचा शेतकरी आणि हडसनचा हिरवळवाला यांच्यात तसं काहीच सारखं नाही. एकाचं पोट जात होतं, दुसऱ्याचं फूल राहत होतं. तरी पहिल्याच्या झगड्यातून आलेला शब्द दुसऱ्याच्या कामी आला.

दुसरं निकालपत्र न्यायमूर्ती लुई लेबेल यांचं, तिघांचं. निष्कर्ष तोच, पण आंतरराष्ट्रीय तत्त्वांची इथं गरज नाही, क्वेबेकचा कायदाच पुरेसा आहे, असं त्यांचं म्हणणं. मला लेबेल यांचा हा कोरडेपणा महत्त्वाचा वाटतो. कारण नंतर या निकालाबद्दल जे गायलं गेलं त्यात एक गोष्ट नेहमी निसटते. टू-फोर-डी घातक आहे की नाही, हे न्यायालयानं ठरवलंच नव्हतं. डॉ. आयर्विन यांच्या रुग्णांचे चट्टे तिथं तोलले गेले नाहीत. ठरलं ते इतकंच, की शंका आहे आणि गरज नाही, अशा वेळी गावाला नाही म्हणता येतं.

एवढंच पुरेसं होतं. देशभरातल्या नगरपालिकांना जणू परवानगीपत्रच मिळालं. हॅलिफॅक्सनं निकालाच्या आदल्याच वर्षी आपला उपविधी केला होता. २००३ मध्ये टोरोंटो महानगरानं केला आणि तो एप्रिल २००४ पासून लागू झाला. कीटकनाशक उद्योगाच्या संघटनेनं त्यालाही न्यायालयात खेचलं, पण हडसनचा निकाल समोर असताना २००५ मध्ये ऑन्टारियोच्या अपील न्यायालयात त्यांचं काही चाललं नाही. क्वेबेक प्रांत तर आपल्याच एका गावाच्या मागून धावला. २००३ च्या कीटकनाशक व्यवस्थापन संहितेनं टू-फोर-डीसह वीसेक रसायनं आधी सार्वजनिक हिरवळींवर आणि २००६ पासून खाजगी हिरवळींवरही बंद केली. बालवाड्या आणि शाळांसाठीचे नियम आणखी कडक होते. गोल्फवाल्यांना दर तीन वर्षांनी फवारणी कमी करण्याचा आराखडा द्यावा लागू लागला. ऑन्टारियोचा कायदा २००८ चा. तो २००९ च्या वसुंधरा दिनापासून लागू झाला. त्यात गोल्फला अटींसह सूट होती, आणि राष्ट्रीय किंवा आंतरराष्ट्रीय सामने होणाऱ्या मैदानांसाठीही वाट ठेवली होती.

कागदावरचा हा विजय प्रत्यक्ष मैदानावर उतरवायचं काम मैदान सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्यांवर आलं आणि त्यांची तारांबळ उडाली. फुटबॉलच्या मैदानात गोलासमोरची जागा बुटांनी सोलून निघते. उघड्या जमिनीत तण आधी येतं, गवत मागून. रुंद पानांच्या तणावर बूट घसरतो, गवतावर तितका घसरत नाही. म्हणून तिथं प्रश्न केवळ देखणेपणाचा नसतो. औषध नाही म्हटल्यावर जुनी मशागत आठवली. गवत कापणीची पाती वर घ्यायची आणि सात-आठ सेंटिमीटर उंची ठेवायची, म्हणजे सावलीत तणाचं बी उगवत नाही. दाबलेली माती पोकळ नळ्यांनी भोसकून मोकळी करायची. मोकळ्या जागेत वरचेवर बी टाकत राहायचं. सामने आलटून पालटून वेगवेगळ्या मैदानांवर घ्यायचे, जमिनीला विश्रांती द्यायची. यात नवीन काही नव्हतं, पण माणूसबळ लागत होतं, आणि नगरपालिकेच्या अंदाजपत्रकात माणूसबळ हा शब्द फार लाडका नसतो. मे महिन्यात बागा पिवळ्या होऊ लागल्या, वर्तमानपत्रांत तक्रारी येऊ लागल्या. लोहाचं एक संयुग तणनाशक म्हणून बाजारात आलं. ते बंदीच्या यादीबाहेर होतं, पण खर्चिक होतं आणि पुन्हापुन्हा मारावं लागे. काही मैदानं पूर्वीपेक्षा दाट झाली, काही उजाड. ज्या गावानं मशागतीवर पैसे खर्च केले त्याचं मैदान चांगलं, ज्यानं फक्त औषध बंद केलं त्याचं वाईट, असा साधारण हिशेब राहिला.

औषधाची बाजूही गप्प नव्हती. २००८ मध्ये कॅनडाच्या केंद्रीय नियामकानं टू-फोर-डीचा फेरआढावा पूर्ण केला आणि पाकिटावरच्या सूचना पाळल्या तर हिरवळीवरचा वापरही स्वीकारार्ह आहे, असं सांगितलं. त्याच वर्षी डाऊ ॲग्रोसायन्सेस या अमेरिकी कंपनीनं उत्तर अमेरिकेच्या मुक्त व्यापार करारातल्या अकराव्या प्रकरणाचा आधार घेऊन कॅनडा सरकारला नोटीस दिली. क्वेबेकच्या बंदीला शास्त्रीय आधार नाही, आमचं नुकसान झालं, वीस लाख डॉलर भरपाई द्या. गावातल्या सभेत सुरू झालेला विषय आता तीन देशांच्या व्यापार करारापर्यंत गेला होता.

मे २०११ मध्ये तडजोड झाली. सूचना पाळून वापरलं तर टू-फोर-डी असलेली उत्पादनं आरोग्याला किंवा पर्यावरणाला अस्वीकारार्ह धोका देत नाहीत, असं क्वेबेक सरकारनं लिहून दिलं. डाऊनं दावा मागं घेतला. कंपनीला एक डॉलरही मिळाला नाही आणि बंदी जशी होती तशी राहिली. कंपनीनं पहिलं वाक्य दाखवून आपला विजय जाहीर केला, पर्यावरणवाद्यांनी शेवटचं दाखवून आपला. चार वर्षांनी जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं टू-फोर-डीला ‘कर्करोगाला कदाचित कारणीभूत’ या गटात टाकलं. या गटाचा अर्थच असा, की पुरावा आहे पण अपुरा.

शेतीला सूट असल्यानं क्वेबेकमधल्या शेतात तेच औषध आजही कायदेशीरपणे फवारलं जातं. बांधापलीकडं, घरापुढच्या गवतावर मारलं तर दंड होतो.